साहेबांची चोच

पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला करडा तुकडा तिला आधी दातच वाटला. दिवसभर दातांच्या ढिगाऱ्यात बसणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार! कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधून येताना कपड्यांना चिकटून कधी प्लास्टरचा पापुद्रा यायचा, कधी मेणाची गोळी, आणि एकदा तर कुणाच्या तरी कवळीचा सुळा तिच्या खिशात बसून थेट घरी आला होता. त्या सुळ्यापायी मालकांनी दुसऱ्या दिवशी सगळी लॅब डोक्यावर घेतली होती. म्हणून तिने पिंजऱ्याचं दार उघडलं, तुकडा चिमटीत धरला, खिडकीशी नेऊन उलटासुलटा करून पाहिला. दात नव्हता. आतून पोकळ, टोकाशी वाकलेला, आणि कडेला रक्त. तेव्हा कुठे तिने मान वर केली. वरच्या दांडीवर साहेब बसले होते, तुरा पाडून, भिंतीकडे तोंड करून. खालच्या दांडीवर परवाच आणलेला नवा पाहुणा पंख विंचरत होता, अगदी निवांत. "साहेब," ती म्हणाली, "इकडे बघा." साहेबांनी बघितलं. वरची चोच अर्धीच उरली होती. खालची, जी एरवी वरचीच्या आड लपलेली असते, ती उघडी पडून पुढे आली होती, आणि त्यामुळे साहेबांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसत होता. कवळी काढून ठेवलेल्या माणसाचा असा चेहरा होतो. तिच्या तो फार ओळखीचा होता.

करड्या अंगाचा, गालावर नारिंगी ठिपका आणि डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी तिने काही हौसेनं पाळलेला नव्हता. समोरच्या बिऱ्हाडातली शेजारीण 'चारच दिवस हं' म्हणून पिंजरा ठेवून गेली, ती परतली ती घर रिकामं करायला, आणि सामानात पिंजरा धरायचं तेवढं विसरली. तोवर पिंजरा पुढच्या खोलीच्या खिडकीशी बसला होता. आईची खाट जिथे होती तिथे. त्या जागेला उजेड चांगला, एवढंच कारण, असं ती स्वतःला सांगत असे. पक्षी बोलायचा नाही, शीळ घालायचा नाही, बोट पुढे केलं की कडकडून चावायचा, आणि बाकीचा वेळ छाती काढून असा बसायचा, की आता कुणाची तरी रजा नामंजूर करणार. म्हणून साहेब. पहिल्यापहिल्यांदा ती गमतीनं त्यांना अहो-जाहो करायची. मग गंमत विरून गेली आणि अहो-जाहो राहिलं. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसं त्यांचं चाललेलं होतं. ती लॅबमधलं काहीबाही सांगायची, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. तक्रार कुणाचीच नव्हती. पण एका सुट्टीच्या दुपारी तिने पाहिलं, की साहेब पाण्याच्या स्टीलच्या वाटीपुढे वाकून आपल्याच प्रतिबिंबाशी हळू आवाजात काहीतरी पुटपुटताहेत. तिच्याशी ते आजवर चकार शब्द बोलले नव्हते, आणि वाटीशी इतकं! तिला ते बघवेना. बिचारे एकटे आहेत, तिने ठरवून टाकलं. आपल्याला जे दुखतं तेच समोरच्यालाही दुखत असणार, असं धरून चालायची तिची जुनीच खोड. त्याच आठवड्यात ती पिंजरेवाल्याकडे जाऊन सोबत घेऊन आली. बुटका, हिरवा, गुलाबी गालांचा, दिसायला नुसता गोंडस. त्या जातीला लव्हबर्ड म्हणतात.

रक्त थांबलेलं आहे हे बघून तिने पाहुण्याला टॉवेलात गुंडाळलं आणि तशीच पिंजरेवाल्याचं दुकान गाठलं. पिंजरेवाल्यानं तुकडा पाहून जीभ चावली. "ताई, मी म्हटलं होतं, वेगळा पिंजरा घ्या."

"मला वाटलं, तुम्हाला पिंजरा खपवायचाय."

"तो तर खपवायचा होताच," पिंजरेवाला म्हणाला, "पण म्हणून खोटं थोडंच बोललो? तुमचा तो आपल्या जागेत राहणारा जीव. त्याला दुसरा हवा होता कशाला?"

"एकटा होता."

"असं तो म्हणाला?"

तिला राग आला. पाहुण्याला त्याच्या हवाली करून ती वळली, तेव्हा तो हिरवा गोळा मोठ्या पिंजऱ्यात शिरून दाण्यांवर तुटूनही पडला होता. परतीच्या रस्त्यानं तिच्या मनात एकच वाक्य फिरत राहिलं: मीच आणलं. मीच हौसेनं, स्वतःच्या पायांनी जाऊन, आणलं.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थेट बोलणाऱ्या. साहेबांना एका मुठीत धरून त्यांनी उरलेली चोच दिव्याखाली पाहिली. मुळाशीही दुखावली आहे, गेलेला भाग आता पुन्हा यायचा नाही, त्या म्हणाल्या. काही दिवस मऊ खाणं चमच्यानं भरवायचं. जखम भरली की पुढचं ठरवू. काही पक्षी खालच्या चोचीवर निभावून नेतात. काहींना नकली चोच बसवता येते, पण त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि एवढ्या जिवाला भूल म्हणजे जुगारच. गावाबाहेर एक बाई असे लंगडे-लुळे पक्षी सांभाळतात, तिथे ठेवता येईल. "आणि काहीजण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यातनेतून सोडवा म्हणतात. तेही करतो आम्ही." ती पटकन म्हणाली, "भरवीन मी. मला सवय आहे." ते 'सवय आहे' आपण इतक्या अभिमानानं का म्हणालो, हे तिला कळलं नाही.

तिला खरोखरच सवय होती. उकडलेलं गाजर, बटाटा, थोडं अंडं, सगळं चाळणीतून काढून कोमट करायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टेकवून बघायचं, चमच्याच्या कडा आत वाकवून त्याची पन्हळ करायची. हाताला हे सगळं पाठ होतं, विचारावं लागलं नाही. आईला झटका आला तेव्हा तिचा उजवा हात गेला, अर्धी वाचा गेली, आणि उरलेले शब्द आई फार जपून वापरायला लागली. आईच्या तोंडातली कवळी तिनेच केलेली होती. लॅबमध्ये येणारे ठसे कुणाचे असतात ते कधीच कळत नाही, डब्यातून नुसते जबडे येतात आणि डब्यातून दात जातात. तेवढी एकच कवळी अशी की जिचं तोंड तिने पाहिलं होतं. त्या तोंडात तिने सकाळी कामावर जायच्या आधी भरवलं, दुपारी मधल्या सुट्टीत धावत येऊन भरवलं, संध्याकाळी भरवलं. घास गिळला का ते ती आईच्या गळ्याकडे बघून ओळखायची. हनुवटीवर ओघळ आला की चमच्याच्याच कडेनं वर घ्यायची. लॅबमध्ये बायका म्हणायच्या, अगं, तुझं आयुष्य चाललं. ती म्हणायची, चालू दे. खरं सांगायचं तर त्या दिवसांइतकी ती कधीच कुणाला हवीशी नव्हती. जिना चढताना तिला ठाऊक असायचं, की वर एक तोंड आपली वाट बघतंय. आई गेल्यावर कितीतरी दिवस मधली सुट्टी झाली की पाय आपोआप घराकडे वळायचे, आणि मग ती कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबून उगाच काहीतरी विकत घ्यायची. घरात सुयांची पाकिटं किती झाली होती!

आता मधल्या सुट्टीला पुन्हा अर्थ आला. पहिल्या दिवशी साहेबांनी चमचा उडवून लावला, दुसऱ्या दिवशी तोंड घट्ट मिटून बसले, आणि मग भुकेपुढे अधिकाराचं काही चालेना. त्यांनी तोंड उघडलं. आतली जीभ काळसर, जाड, बोटाच्या पेराएवढीही नव्हती, आणि ती चमच्याला टेकली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. पुढे पुढे तर पिंजऱ्याचं दार उघडलं की ते आपणहून मनगटावर यायला लागले. ज्या मनगटाला त्यांनी कधीकाळी चावून चावून जाळी केली होती, त्यावर ते तोल सावरत उभे राहायचे आणि खाऊन झालं की ओलं तोंड तिच्या बाहीला पुसायचे. बाहीवर गाजराचे नारिंगी डाग पडले. ती ते धुवायची, पण फार जोर लावून नाही. लॅबमधला पॉलिशवाला, जो दिवसभर चाकावर दात घासत बसायचा आणि ज्याच्या भुवयांवर कायम पांढरी धूळ असायची, एकदा म्हणाला, "बाई, हल्ली तुम्ही खुशीत दिसता. काय भानगड आहे?"

"घरी आजारपण आहे," ती म्हणाली आणि स्वतःच चपापली.

चोच करायचं तिच्या मनात कधी आलं ते तिला सांगता आलं नसतं. हातांच्या मनात आधी आलं असावं. तो तुटका तुकडा तिने डबीत जपून ठेवलेला होता. एके दिवशी काम लवकर उरकलं तेव्हा तिने मेणाची कांडी तापवली आणि तुकड्यावरून घडवायला घेतली. दात करणं म्हणजे गर्दीतला एक करणं, तो शेजारच्याला मिळताजुळता हवा. इथे शेजार नव्हता. खालच्या चोचीला नेमकं कुठे टेकेल, टोक किती वळेल, दाणा कुठे धरला जाईल, हे तिने रोज भरवताना इतकं जवळून पाहिलं होतं, की माप घ्यावं लागलं नाही. लॅबमधल्या नमुन्यांच्या पट्टीवर दातांच्या रंगांच्या ओळीच्या ओळी होत्या, दुधाळपासून तंबाखूपर्यंत, पण करडा कुठला असायला! मेणावरून घेतलेल्या साच्यात ओतायच्या मसाल्यात तिने काळ्या रंगाची चिमूट मिसळून, वाळवून, पुन्हा मिसळून तो रंग आणला. पॉलिशवाल्यानं चाकावर न घेता ती नुसत्या कापडानं घासून दिली आणि तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिला. "आयुष्यभर माणसांचे दात केलेत बाई तुम्ही," तो म्हणाला, "पण असं काम नाही पाहिलं." त्या संध्याकाळी ती चोच खिशात घेऊन चालताना तिला वाटलं, रस्त्यातल्या कुणालातरी थांबवावं आणि दाखवावं. पण थांबवायचं कुणाला? फळं विकणारा, बसची वाट बघणारी माणसं, कुत्रा फिरवणारे आजोबा, सगळे आपापल्या नादात होते. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन येईल तेव्हा सांगू, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिने तो विचार झटकून टाकला.

धाकटीचा फोन दर रविवारी येत असे आणि दोघी हवापाण्याचं बोलत. त्याच्या पलीकडे त्या गेल्या नव्हत्या, आई असतानाची ती गोष्ट घडल्यापासून. धाकटी तेव्हा थोडे दिवस राहायला आली होती, म्हणजे ताईला जरा उसंत. ती निर्धास्त होऊन दोन-तीन दिवस दिवसभर कामावर गेली, आणि एका संध्याकाळी दारातच धाकटी हसत म्हणाली, "ताई, आई तर स्वतःच्या हातानं जेवते की! दुपारी अख्खी ताटली संपवली." तिने आईकडे पाहिलं. आई खिडकीकडे बघत होती. तिने ताटली आणली, चमचा आईच्या डाव्या हातात दिला. आईने तो तसाच पांघरुणावर ठेवला आणि तोंड उघडलं. झालं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. स्वतः दूर राहायचं, चार दिवस पाहुणी म्हणून यायचं, आणि जाताना मनाला टोचणी नको म्हणून आई बरी आहे अशी समजूत करून घ्यायची. ताई उगाच बाऊ करते! "खोटं तरी नीट बोल," ती म्हणाली होती. आणखीही बरंच म्हणाली होती. धाकटीनं दुसऱ्या दिवशी बॅग भरली. आई त्यानंतरही कितीतरी महिने तोंड उघडत राहिली आणि ती भरवत राहिली, आणि प्रत्येक घासागणिक तिला मनात म्हणावंसं वाटे, बघ, कोण खरं आहे ते.

जखम भरली तशी ती साहेबांना घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी साहेबांना छोट्या तराजूवर ठेवलं. वजन चांगलं होतं, उलट थोडं वाढलेलंच. "भरवताय मनापासून, दिसतंय," त्या म्हणाल्या. "आता बंद करा."

"बंद?"

"हातानं भरवणं. वाटीत मऊ खाणं ठेवा आणि घराबाहेर पडा. तुम्ही भरवताय तोवर तो कशाला शिकेल?"

"आणि नाही शिकला तर?"

"तर मग चोच." तिने डबी उघडून दाखवली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा त्यांच्या वयाचा झाला. "ही तुम्ही केलीत? बसेल ही. अगदी बसेल." मग भिंग बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "पण भूल दिल्यावर तो टेबलावरून उठेलच, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. आधी तो खातो का बघा."

ती रोज सकाळी वाटी भरून ठेवायला लागली. मधल्या सुट्टीत घरी जायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं आणि पाळलंही. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी एक सुयांचं पाकीट आलं. संध्याकाळी दार उघडलं की साहेब गजांना धरून समोर आलेले असायचे, तुरा उभा, तोंड उघडं. वाटी जशीच्या तशी, वरचा थर वाळून तडकलेला. तिच्याच्यानं राहवायचं नाही. दिवसभर उपाशी जीव! ती वाटी न निरखताच नळाखाली उपडी करायची, गडबडीनं कोमट करायची, भरवायची, आणि ते खात असताना तिच्या मनाला जे वाटायचं त्याला आनंद म्हणायची तिची तयारी नव्हती. डॉक्टरीणबाईंना तिने फोनवर सांगितलं, "नाही खात तो. मी असल्याशिवाय नाही खात." पलीकडून उत्तर आलं, की मग घेऊन या, गुरुवारी दुपारी बसवू. फोन ठेवल्यावर ती पिंजऱ्यापुढे स्टूल घेऊन बसली. चोच बसली तर साहेब आपले आपण दाणे फोडतील आणि मनगटावर यायचे नाहीत. नाही बसली, भूल उतरलीच नाही, तर पिंजरा रिकामा. त्या पक्ष्यांच्या बाईकडे नेऊन द्यावं, तर तिथे दुसरं कुणीतरी चमचा धरणार. तिने जितक्या वाटा काढल्या त्या सगळ्यांच्या टोकाला तीच एकटी उभी होती, आणि आपण पक्ष्याचा विचार करतोय की आपला, हे तिला तिचं तिलाच उमगेना. लाज वाटली. तरी गुरुवार बदलावा असं काही सुचलं नाही.

गुरुवारी ती सकाळी वाटी भरून लॅबमध्ये गेली, मालकांकडून अर्धी रजा मागून घेतली, चोच शेवटची एकदा निरखून डबीत कापसावर ठेवली आणि भर दुपारी घरी निघाली. या वेळेला जिना निराळाच दिसतो; ऊन थेट मधल्या मजल्यापर्यंत उतरलेलं, कुणाच्या तरी घरात रेडिओ, बाकी सामसूम. तिच्या घराचं दार गॅलरीच्या टोकाला होतं आणि दाराआधी पुढच्या खोलीची खिडकी. किल्ली हातात घेऊन ती खिडकीवरून पुढे जाणार, एवढ्यात आतून टकटक ऐकू आली. बारीक, सारखी, कुणी चमच्यानं भांडं खरवडावं तशी. ती थांबली. पडद्याच्या फटीतून पिंजरा बाजूनं दिसत होता, आणि वाटीची भिंतीकडची बाजूही. ही बाजू खोलीतून कधीच दिसत नसे. त्या बाजूनं वाटीतलं खाणं तळापर्यंत कोरलं गेलं होतं. साहेब वाटीच्या काठावर उभे होते. खालची चोच फावड्यासारखी खुपसायची, घास वाटीच्या भिंतीवर दाबायचा, मान वर करून आत झटकायचा. निम्मं सांडत होतं, छातीवर उडत होतं, पण घाई नव्हती, चूक नव्हती. हे आज शिकलेल्याचं खाणं नव्हतं. कितीतरी दिवस सरावलेल्याचं होतं. मध्येच थांबून त्यांनी छाती दांडीवर घासून स्वच्छ केली आणि पुन्हा खायला लागले. मग नकळत तिच्या हातातली किल्ली वाजली. साहेबांची मान उंचावली. ते वाटीवरून उतरले, गज धरून धरून पुढे आले, दाराच्या रोखानं तोंड केलं, तुरा उभारला आणि तोंड उघडलं. तसंच उघडं तोंड घेऊन ते वाट बघत राहिले.

ती आत गेली नाही. गॅलरीत, भिंतीला पाठ लावून, खालीच बसली. आईचं पांघरुणावर चमचा ठेवणं तिला दिसत होतं. चमचा ठेवला, टाकला नव्हता. दांडा नीट लेकीकडे करून ठेवला होता. इतकी वर्षं ते तिच्या ध्यानात होतं आणि ध्यानात आलं नव्हतं. तिने फोन काढला. रविवार नसल्यामुळे धाकटी घाबरलीच.

"ताई? काय झालं?"

"काही नाही. एक विचारायचंय. आई कशी जेवायची?"

"म्हणजे?"

"तू पाहिलं होतंस ना. स्वतःच्या हातानं. कशी जेवायची ती? चमचा कसा धरायची? मी कधी बघितलंच नाही गं."

मग धाकटी हळूहळू बोलायला लागली. "डाव्या हातानं. चमचा मुठीत धरायची, लहान मुलं धरतात तसा. ताटली छातीशी ओढून घ्यायची. सांडायचं खूप, पण मला पुसू द्यायची नाही. मध्ये एकदा हसली सुद्धा. आणि जिन्यात तुझी चाहूल लागली ना, की चमचा माझ्या हातात द्यायची. खुणेनं सांगायची, धुऊन ठेव."

"मला सांगितलं का नाहीस?"

"ताई, सांगितलं होतं की."

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतंस."

"रडतेयस का?"

"हो."

धाकटीनं फोन ठेवला नाही. मग धाकटीनं विचारलं, "आज कामावर नाही गेलीस?" आणि तिने साहेबांचं सगळं सांगितलं, चोचीसकट.

डॉक्टरीणबाईंना तिने कळवलं, की खातो तो, येत नाही आम्ही. डबी खणात, सुयांच्या पाकिटांच्या शेजारी ठेवून दिली. चोच देखणी होती, पण ती कुणाला लागणार नव्हती. मग पिंजऱ्याचं दार उघडून तिने मनगट पुढे केलं. साहेब आले आणि त्यांनी तोंड उघडलं. छातीवरच्या पिसांत गाजराचा चुरा अजून अडकलेला होता. "पोट भरलंय तुमचं," ती म्हणाली. तोंड उघडंच राहिलं. तिने चमचा आणला आणि एक घास दिला, एकच. त्यांनी तो भूक नसताना, शिस्तीत, शेवटपर्यंत खाल्ला आणि तोंड तिच्या बाहीला पुसलं. रोज एवढाच द्यायचा, तिने ठरवलं. बाकीचं त्यांचं ते बघतील.

मग तिने स्वतःसाठी ताटली वाढून घेतली, स्टूल पिंजऱ्याशी ओढलं आणि चमचा डाव्या हाताच्या मुठीत धरला. ताटली छातीशी घेतली. पहिला घास निम्मा हनुवटीवर आणि निम्मा मांडीवर गेला. साहेब तुरा उभारून बघत होते. तिने पुसलं नाही. दुसरा घास जरा कमी सांडला.